हलकी गाडी

अड्याळ
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय विमल,
सप्रेम जयभीम.

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितो. काल अकरा वेळा केला. शेवटी रीनाने उचलला आणि म्हणाली, "बाबा, आई झोपली आहे." सकाळी साडेदहाला? बाळंतपणं सोडली तर मी तुला दिवसा आडवी पडलेली पाहिली नाही. लेक तुझी आहे, पण खोटं बोलणं तिला अजून जमत नाही.

हात कसा आहे? प्लास्टर कधी काढणार?

इकडे सगळं ठीक. धान कापून झालं, पेंढ्यांचं पुंजणं रचून ठेवलं आहे. शेजारची साधना दोनदा आलू-वांग्याची भाजी देऊन गेली आणि दोन्ही वेळा विचारून गेली, "काका, काकू कधी येते?" मी म्हटलं, हात बरा झाला की.

गाडीला काही झालं नाही. एक आरसा फुटला, फूटरेस्ट वाकला होता. इश्वर मिस्त्रीने ठोकून सरळ करून दिला. पस्तीस वर्षांची बुलेट आहे, अशा पडण्याने तिला काय होतं.

तू रागावून दवाखान्यातूनच थेट नाकाडोंगरीला लेकीकडे गेलीस, हे मला कळतं. पण राग कशाचा ते कळत नाही. पडणं माझ्या हातात होतं का? कोंढ्याहून येताना नहराच्या पुलावर कुत्रा आडवा आला, गाडी कलंडली. हे मी सगळ्यांना सांगितलं आहे आणि सगळ्यांना पटलं आहे. तू पदर सावरत असशील, म्हणून तुला दिसला नसेल.

रीना म्हणते, दवाखान्यात मी जावयाशी काहीतरी बोललो ते तुझ्या मनाला लागलं. माणूस घाईत काहीही बोलतो.

उत्तर लिही. डावा हात मोडला आहे, उजव्याने लिहिता येतं.

तुझा,
डोमा


अड्याळ
३ डिसेंबर २०२४

प्रिय विमल,
सप्रेम जयभीम.

पत्र मिळालं असेल. उत्तर नाही.

घरात बसवत नाही. सकाळी चहा घेतो, खुर्ची अंगणात टाकतो, पाच मिनिटांत उठतो. बसस्टँडपर्यंत जातो, परत येतो. परत आल्यावर वाटतं, काहीतरी विसरलो, म्हणून पुन्हा जातो. ग्रामपंचायतीसमोरच्या पारावर माझ्या वयाचे सहा-सात जण बसलेले असतात. ते सरकून जागा करून देतात. तीच जागा मला नको आहे, विमल. तिथे बसलो की उठणार नाही असं वाटतं.

एकतीस वर्षं लाइनमनची नोकरी केली. कोणत्या गावचा कोणता खांब कुठे वाकला आहे हे मला झोपेत सांगता येईल. वीज गेली की लोक माझ्या गाडीच्या आवाजाकडे कान लावून बसायचे. पहेला गावापर्यंत आवाज ऐकू येतो म्हणायचे. रिटायर झालो तेव्हा सगळे म्हणाले, आता आराम करा. गाडी होती म्हणून ते आठ वर्षं टाळता आलं.

चार दिवस झाले, गाडी काढली नाही. विशेष कारण नाही. थंडी आहे. हाताला थोडं खरचटलं आहे, कुंपणाची तार लागली.

मध्येच उठून बाहेर चक्कर मारून आलो. आता काय लिहीत होतो ते आठवत नाही.

प्लास्टर निघालं का एवढं तरी कळव.

डोमा


अड्याळ
११ डिसेंबर २०२४

प्रिय विमल,

साधनाने रीनाला फोन केला होता हे मला आज कळलं. म्हणजे तुला सगळं माहीत आहे, आणि कुंपणाच्या तारेचं वाचून तू काय म्हणाली असशील तेही मला माहीत आहे.

तर झालं ते असं. २९ तारखेला सकाळी गाडी अंगणात काढली. किक मारली, नाही लागली. दुसरी मारली. तिसऱ्या किकला ती उलटी आली आणि उजवा गुडघा आतल्या आत सरकला. मी हँडल सोडलं नाही, सोडायला पाहिजे होतं. गाडी अंगावर घेऊन हातपंपाजवळ पडलो. पाय खाली, गाडी वर. उचलायचा प्रयत्न केला. ती हलेना.

मी हाक मारली नाही. शेजारी माणसं होती, साधनाच्या घरातून कुकरची शिटी ऐकू येत होती, तरी मारली नाही. पेट्रोल गळून शर्ट भिजला. अर्धा तास तसाच पडून होतो. मग साधना पाण्याला आली. ती ओरडली, तिची सासू धावली, आणखी एक बाई रस्त्याने जात होती ती आली. तीन बायांनी गाडी उचलली. मी उठून म्हणालो, "पाय घसरला." साधनाने बादली तिथेच ठेवून आधी मला घरात नेऊन बसवलं.

दुपारी इश्वर आला. त्याने गाडी तपासली, टाकीवर हात फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"डोमा, गाडीत काही बिघाड नाही."

"मंग?"

"मंग काय? तिचं वजन कमी नाही होत अन् तुह्यात ताकद नाही उरली. काहून जीव देऊन राहिला?"

मी त्याला निघून जा म्हणालो. तो गेला नाही. तिथेच बसून बिडी ओढली. मग म्हणाला, भंडाऱ्याला एका दुकानात नवी गाडी आली आहे, घाट जुन्याच गाडीचा, गोल हेडलाइट, तारांची चाकं, पण हलकी. "पाहून तं ये. पाहाले काय जाते?"

मी म्हटलं, बुलेट चालवणारा माणूस खेळणं चालवत नाही. तो म्हणाला, बुलेट चालवणारा माणूस अर्धा तास बुलेटच्या खाली पडून होता.

हे सगळं तुला लिहायचं नव्हतं.

डोमा


अड्याळ
२९ डिसेंबर २०२४

प्रिय विमल,
सप्रेम जयभीम.

गाडी घेतली.

इश्वर मागे लागला म्हणून भंडाऱ्याला गेलो, बसने. दुकानातल्या मुलीने विचारलं, "काका, मुलासाठी पाहता का?" मी म्हटलं, हो. अंकुश पुण्यात आहे आणि त्याला गाडी चालवताच येत नाही, पण तोंडातून हो निघून गेलं. मग तिने बसून पाहायला सांगितलं. बसलो. दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकले. टाचांसकट. मी हँडल धरून डावीकडे-उजवीकडे कलवून पाहिली. कलली आणि सरळ झाली, मला जोर लावावा लागला नाही. किती वेळ तसंच करत होतो कोण जाणे, ती मुलगी हसायला लागली. एकशे पस्तीस किलो, म्हणाली. आपली एकशे सत्तरच्या घरातली. पस्तीस किलो म्हणजे काय, तांदळाचं एक पोतं. एवढी वर्षं एक पोतं उगाच उचलत होतो.

किक नाही, बटण आहे. दाबलं की चालू. मला वाटलं, दुसऱ्याच कोणीतरी चालू केली. आवाज शिलाई मशीनसारखा आहे, ते मात्र काही केल्या आवडत नाही.

मी म्हटलं, "मुलासाठी नाही, माझ्यासाठीच पाहतो." ती म्हणाली, "मला वाटलंच होतं."

बुलेट पवनीचा एक जण घेऊन गेला. तो आला तेव्हा मी धानाच्या बांधीकडे निघून गेलो, चावी इश्वरजवळ दिली. पण आवाज तर येणारच. तलावाच्या वळणापर्यंत ऐकला. त्याने गिअर उशिरा बदलला.

नवीन गाडीचा त्रास वेगळाच आहे. आपल्या जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात. हिचं सगळं उलटं. डोक्याला कळतं, पायाला कळत नाही. परवा बाजारात गिअर टाकायला उजवा पाय दाबला आणि गाडी भर रस्त्यात जागच्या जागी थांबली. मागून भाजीवाल्याची हातगाडी येऊन धडकली. दोन टमाटे फुटले, बाकी काही नाही. तो म्हणाला, "काका, घरी कोनी नाही का तुमच्या?"

रोज सकाळी नहराच्या रस्त्यावर जातो आणि शिकतो. सहासष्टाव्या वर्षी. डावा पाय गिअर, उजवा पाय ब्रेक, असं मोठ्याने म्हणत जातो. गुरं चारणारे माझ्याकडे पाहतात.

आता तरी येशील असं मी रीनाजवळ बोललो. ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला अजून समजलं नाही." आणि फोन ठेवला.

डोमा


अड्याळ
१६ जानेवारी २०२५

विमल,

हे पत्र तीनदा फाडलं. आता जसं लिहिलं जाईल तसं पाठवतो.

काल सकाळी नहराच्या पुलावर होतो. तिथेच रोज थांबून पाहतो. गाडी आणायची, थांबवायची, पाय टेकायचा, पुन्हा निघायचं. वीस-पंचवीस वेळा. बाजूच्या बांधीत मंदाबाई लाखोळीची भाजी खुडत होती. त्या दिवशी तिनेच तुला उठवून बसवलं होतं आणि आपला पदर फाडून हात बांधला होता. ती बांधावर आली.

"काका, तो कुत्रा कोनाचा होता हो?"

"कोणता कुत्रा?"

"तुमीच तं गावभर सांगता. मी तं इथंच उभी होती. मले तं कुत्रा दिसला नाही. समोरून ट्रॅक्टर आला, तुमी थांबले, अन् तुमचा पाय मुडपला. काकू तं मूर्तीसारखी बसली होती."

मी गाडी बंद केली. ती वाट पाहत उभी होती, ओटीत भाजी धरून.

मी म्हणालो, "कुत्रा नव्हता."

"मंग काकूवर काहून ढकललं?"

तिला हेही माहीत होतं. म्हणजे गावाला माहीत आहे. मी म्हणालो, "मले लाज वाटली."

ती म्हणाली, "हे मले सांगून काय होते?" आणि भाजी खुडायला गेली.

आता तुला सांगतो. कुत्रा नव्हता. माझा गुडघा एप्रिलपासून कामातून गेला आहे. भंडाऱ्याच्या डॉक्टरने फोटो काढून दाखवला होता, आतली गादी झिजली आहे. किक मारायची नाही, वजन पेलायचं नाही असं त्याने कागदावर लिहून दिलं. तो कागद मी पेन्शनच्या फाइलीत ठेवला, कारण ती फाइल तू उघडत नाहीस. मे महिन्यात मी एकदा एकटा पडलो होतो, तेही सांगितलं नाही. आणि कोंढ्याला निघताना तू म्हणाली होतीस, बसने जाऊ. मी म्हणालो, बसची वाट कोण पाहत बसते. पाय दगा देणार हे मला माहीत होतं, आणि तरी मी तुला मागे बसवलं.

दवाखान्यात प्रविणने विचारलं, "बाबा, कसं काय झालं?" जावई माणूस, समोर उभा. कुत्र्याचं सांगितलं तर तो म्हणाला, "पण तुम्ही तर थांबलेले होता म्हणतात." मग मी म्हणालो, "तुझ्या सासूला नीट बसता येत नाही. मागे हलली, म्हणून तोल गेला." ते पटकन बाहेर आलं. आल्यावर परत घेता आलं असतं. मी घेतलं नाही, कारण त्याने मान हलवली आणि मला बरं वाटलं.

तू जागी होतीस हे मला तेव्हा माहीत नव्हतं. असतं तर बोललो नसतो, आणि हे काही चांगलं कारण नाही.

आणखी काय लिहू. बाहेर जाऊन येतो.

डोमा


नाकाडोंगरी
२७ जानेवारी २०२५

रीनाच्या बाबांस,
जयभीम.

पाचही पत्रं मिळाली. प्लास्टर निघून दीड महिना झाला. मूठ अजून पूर्ण वळत नाही. कणीक रीना भिजवते.

तुम्ही गाडी जड ठेवली काय आणि हलकी घेतली काय, मी गाडीवर रुसून आलेली नाही. पस्तीस वर्षं त्या गाडीवर बसली. चिखलात उतरून ढकलली. रीना पोटात होती तेव्हा बसली. अंकुशला ताप होता तेव्हा त्याला मांडीवर घेऊन पावसात भंडाऱ्यापर्यंत बसली. मला बसता येत नाही असं कोणी म्हटलं नव्हतं.

मी पलीकडच्या पलंगावर होती. हाताला सुई होती, कान उघडे होते. दुसऱ्या दिवशी प्रविण मला म्हणाला, आई, यापुढे गाडीवर जपून बसत जा. चांगला मुलगा आहे, काळजीने बोलला. मी त्याला काय सांगणार? तुझा सासरा खोटं बोलतो, असं? मी "हो बाबू" म्हटलं. ते "हो" मला अजून गिळता येत नाही.

गुडघ्याचं लपवलं त्याचाही राग आहे, पण तो वेगळा. तो घरी येऊन करता येईल.

मंदाबाईला सांगितलं म्हणता. मंदाबाईने तर पाहिलंच होतं. ज्याने पाहिलं नाही त्याला सांगा. समोर बसून सांगा, पत्रात नाही.

विमल


अड्याळ
१२ फेब्रुवारी २०२५

चि. रीनास,
अनेक आशीर्वाद.

तू नागपूरला ट्रेनिंगला होतीस आणि परत आलीस तेव्हा आई घरी नव्हती. प्रविणने तुला सांगितलं असेलच, पण तो थोडक्यात सांगतो. म्हणून लिहितो.

शनिवारी सकाळी नऊला निघालो. भंडारा, मग तुमसर, मग तुमच्याकडे. नव्वद किलोमीटरच्या आसपास होतं. चार ठिकाणी थांबलो, गुडघा सरळ केला. बुलेट असती तर एका दमात आलो असतो, असं वाटायचं, आणि मग आठवायचं की बुलेट असती तर आलोच नसतो. वाटेत दोनदा परत फिरावं वाटलं. एकदा तर खरंच फिरलो, मोहाडीजवळ. एक किलोमीटर मागे गेलो. मग एका चहाच्या टपरीवर उभ्याउभ्या चहा घेतला आणि पुन्हा तोंड तुमसरकडे केलं.

तुमच्या दारात पोचलो तेव्हा तुझी आई तांदूळ निवडत होती. एका हाताने. तिने पाहिलं, उठून पाणी आणलं, गाडीकडे पाहिलं नाही. प्रविण शाळेतून आला. त्याचे आईवडीलही होते. मला वाटलं होतं की त्याला एकट्याला बाहेर नेऊन सांगावं. जेवायला बसलो तेव्हा तुझी आई वाढत होती आणि मला कळलं की बाहेर नेऊन सांगितलेलं चालणार नाही.

मी म्हणालो, "जावईबापू, मले तुमाले एक सांगाचं आहे."

"बोला ना बाबा."

"ऑक्टोबरात मी तुमाले म्हटलं होतं, तुमची सासू मागे हलली म्हणून गाडी पडली. ते खोटं होतं. ती हलली नाही. माझा पाय खराब होता, मले ते माहीत होतं, अन् मी कोनालेच सांगतलं नव्हतं."

सगळ्यांचे हात थांबले. प्रविण लाल झाला. "बाबा, जाऊ द्या ना आता. किती दिवस झाले."

तेव्हा तुझी आई पहिल्यांदा बोलली. "जाऊ कायले देता? बोलू द्या त्यायले."

मग मी उरलेलं सांगितलं. डॉक्टरचा कागद, मे महिन्यातलं पडणं, कुत्रा, सगळं. तुझ्या सासऱ्यांनी ताटातली नजर वर केली नाही. मी थांबलो तेव्हा प्रविणने हात धुतले, उठला, आणि तुझ्या आईजवळ जाऊन म्हणाला, "आई, मी तुम्हाले जपून बसा म्हटलं होतं." ती म्हणाली, "हो." तो म्हणाला, "माझं चुकलं." तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं आता ती माझ्याकडे पाहील. तिने मला विचारलं, "भात आणखी वाढू का?"

रात्री मी बाहेरच्या खोलीत झोपलो. सकाळी आठला मी निघायची तयारी केली. कोणी थांब म्हणालं नाही, ये म्हणालं नाही. मी गाडी बाहेर काढली तर तुझी आई पिशवी घेऊन दारात. प्रविणला विचारत होती, "तुमसरची बस किती वाजता आहे?"

मी म्हणालो, "गाडी आहे ना."

ती म्हणाली, "तुमची गाडी तुमी चालवा. मी बसने जातो."

तर मग ती बसमध्ये आणि मी बसच्या मागे. नाकाडोंगरी ते तुमसर एक बस, तुमसर ते भंडारा दुसरी, भंडारा ते अड्याळ तिसरी. मला पुढे जाता आलं असतं, गाडी चांगली पळते. पण पुढे गेलो आणि ती मध्येच कुठे उतरली तर? म्हणून मागेच राहिलो. बस थांबली की थांबायचो. प्रत्येक थांब्यावर उतरणाऱ्यांमध्ये पाहायचो. ती नसायची. बस सुटायची, मी सुटायचो. धूर आणि धूळ नाकातोंडात. एका थांब्यावर पुन्हा गिअरऐवजी ब्रेक दाबला, पण पाय पक्के टेकले होते, काही झालं नाही.

तुमसरच्या बसमध्ये काय झालं ते तिनेच मला घरी आल्यावर सांगितलं. कंडक्टर मागच्या काचेतून बघत होता. शेवटी त्याला राहवेना. "तो बुढा काहून मागं लागला आहे बसच्या? केव्हाचा पाहून राहिलो." सगळी बस मागे वळून पाहायला लागली. तुझी आई म्हणाली, "माहा नवरा आहे. येऊ द्या त्याले."

दुपारी अडीचला अड्याळच्या स्टँडवर उतरली. मी गाडी जवळ नेली. तिने पिशवी सीटवर ठेवली, पण बसली नाही. घराकडे चालायला लागली. मग मीही इंजिन बंद केलं, उतरलो आणि हँडल धरून तिच्या बाजूने गाडी ढकलत निघालो. हलकी आहे, ढकलता येते. गुडघा दुखत होता, ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मंग हळू चाला." दुखरा हात तिने पिशवीवर ठेवला होता, पिशवी पडू नये म्हणून.

पारावरच्या माणसांनी विचारलं, "काय डोमाजी, नवीन गाडी अन् बंद पडली का?"

मी उत्तर देणार तोच तुझी आई म्हणाली, "बंद नाही पडली. आमीच पायी चाललो."

ती गाडीवर बसेल की नाही, मी अजून विचारलेलं नाही. आज सकाळी ती बसने पहेल्याला तिच्या बहिणीकडे गेली. मी मागे गेलो नाही. संध्याकाळच्या बसने येते म्हणाली आहे. आता साडेतीन वाजले. अंगणात खुर्ची टाकून हे पत्र लिहीत बसलो, आणि एकदाही उठलो नाही.

प्रविणला माझा जयभीम सांग. त्याच्या आईवडिलांनाही.

तुझे बाबा